चाकूचं स्वयंवर

राजकन्येचं स्वयंवर म्हणे एका दिवसात उरकायचं. घड्याळजींनी मांडलेलं स्वयंवर आठ महिने झाले तरी चालूच होतं. उमेदवार होते चाकू. घडीचे नाहीत हं! घडीचा चाकू म्हणजे घड्याळजींच्या मते पेन्सिलीला टोक करायची सोय. हे एकसंध, पातं थेट मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं, कमरेला म्यानात लटकवून रानात न्यायचे. असे सात जण जेवणाच्या टेबलावर पिवळ्या टॉवेलवर ओळीने पहुडलेले असत, आणि घरातली दोन माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवत.

त्या दोन माणसांतलं एक म्हणजे घड्याळजींची बायको. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात ती कापड बेतायचं आणि कापायचं काम करी, म्हणून सगळे तिला मास्तरीण म्हणत. कापडाचे आठ थर एकावर एक, वर खडूची रेघ, आणि मग मोठी कात्री. रेघ मारेपर्यंत काय तो विचार करायचा. कात्री एकदा लावली की थांबायचं नाही. थांबलं की कापडाच्या कडेला दात पडतात. अशा बाईच्या पदरात असा नवरा टाकताना देव नक्की हसत असणार, असं तिचं मत होतं आणि ते तिने घड्याळजींना अनेकदा ऐकवलंही होतं.

आता हा रानाचा किडा मुळात घड्याळजींच्याच डोक्यात शिरला होता. दीड वर्षापूर्वी रान-भटक्यांच्या एका मंडळाचे दोन अर्ज तेच घेऊन आले. "आपण दोघं जाऊ," म्हणाले. सव्वीस वर्षांच्या संसारात हा माणूस दुकान बंद ठेवून कुठे गेला असेल तर स्वतःच्या लग्नाला, तेही अर्धा दिवस. मास्तरणीने अर्ज पुरता वाचलासुद्धा नाही, सही ठोकली. न जाणो, विचार बदलला तर!

मंडळाचा नियम एकच, पण पक्का. एक माणूस, एक चाकू. पूर्वी लोक चार-चार चाकू घेऊन यायचे आणि पाण्याची बाटली विसरायचे, त्यातून हा नियम निघाला. आपला चाकू कुठला ते सगळ्यांसमोर जाहीर करायचं, आणि त्याच चाकूने एका तासात ओल्या फांदीच्या चार खुंट्या तासून दाखवायच्या, तंबूची दोरी बसेल अशी खाच पाडून. मग तुम्ही सभासद. तोवर उमेदवार.

मास्तरीण दुसऱ्याच महिन्यात सभासद झाली. तिचा चाकू घड्याळजींनीच निवडला होता, आणि तोही एका मिनिटात. दुकानात उभ्या उभ्या त्यांनी तिचा उजवा हात हातात घेतला, अंगठ्याखाली कात्रीने पडलेला घट्टा चाचपला आणि म्हणाले, "चार बोटं लांब पातं, भरीव लाकडी मूठ. तो तिसरा द्या." तिसरा दिला. तो हातात असा बसला, जणू तिच्या मापाने बेतलेला. पुढे अर्ध्या मंडळाचे चाकू घड्याळजींनीच ठरवले. दातांचे डॉक्टर कमरेला तलवारीएवढं काहीतरी लटकवून फिरत, त्यांना घड्याळजींनी माणसात आणलं. जगाची लग्नं जुळवणारा हा माणूस स्वतः मात्र बोहल्यापाशी आला की पाठ फिरवायचा.

सुरुवातीला असा नव्हता. पहिले काही महिने सावकाश, मजेत बघत होता. मग आठ महिन्यांपूर्वी काय बिनसलं कोण जाणे, चाकूंचं नुसतं वेड लागलं. एक वही आली. वहीत रकाने आले. गंजणारं पोलाद, न गंजणारं पोलाद, पात्याची जाडी, पाठीचा कोन, म्यानाची शिवण. संध्याकाळी मोबाइलवर कोणी दाढीवाला बर्फात बसून ओंडके फोडून दाखवी, आणि घड्याळजी भिंग डोळ्याला लावून वहीत टिपणं काढत.

"त्या दाढीवाल्याला घरदार नाही का?" मास्तरीण विचारी.

"जाणकार आहे तो."

"असेल की. रानात राहतो आणि दिवसाला तीन व्हिडिओ टाकतो. आमच्या कारखान्यात नेट येत नाही, तिथे त्याच्या गुहेत येतं."

चाकू नाकारण्याची कारणं तर ऐकण्यासारखी होती. पहिल्याची मूठ काळी. दुसऱ्याची तपकिरी. तिसऱ्याची हिरवी.

"हिरव्या मुठीने काय घोडं मारलंय तुमचं?"

"गवतात पडला तर सापडायचा कसा?"

"खाली वाकून! लोक तसंच शोधतात."

मग एक दिवस घड्याळजींनी सगळ्या मुठींना नारिंगी चिकटपट्टी गुंडाळली. सातही जण एका गणवेशात आले. मास्तरीण म्हणाली, आता शाळाच काढा, प्रार्थना मी घेते.

त्याच सुमाराला त्यांनी स्कूटर विकली. व्यायाम व्हावा म्हणून चालत जाणार म्हणे. चालताना आपल्याच घरातल्या दारांना धडकायचे, स्टुलांना अडखळायचे; नडग्यांवर निळे डाग. लक्ष कुठे असतं या माणसाचं? चाकूत! एकदा सकाळी ते स्टुलाला अडखळून जवळजवळ पडलेच, तेव्हा तिचा पारा चढला. "स्टुलाला डोळे नाहीत हो, तुम्हाला दिलेत ना देवाने?" घड्याळजी नडगी चोळत दुकानात निघून गेले.

असं करता करता मंडळाची सहा दिवसांची पायपीट जवळ आली. गुरुवारी निघायचं. मास्तरणीची जागा पक्की. घड्याळजींची राखून ठेवलेली, पण रविवारी सकाळी परीक्षा दिली तरच. नाही तर ती डॉक्टरांच्या मेहुण्याला. मेहुणा पिशवी भरून तयार बसला होता आणि रोज फोन करून घड्याळजींच्या प्रकृतीची चौकशी करत होता. इतकं प्रेम सख्खा भाऊही करत नाही.

शनिवारी संध्याकाळी मास्तरीण कारखान्यातून आली, तर टेबलावर तेच. टॉवेल, सात चाकू, दिवा, भिंग.

"ठरलं का?"

"दोघांवर आलोय," घड्याळजी म्हणाले.

"मागच्या महिन्यातही दोघांवर आला होतात."

"ते दोघं वेगळे होते."

एरवी तिने यावर चार टोमणे मारले असते. आज ती पिशवी खाली ठेवून समोर बसली. "हे बघा, मला डोंगर नको, झाडं नको, पक्षी तर मुळीच नको. मला तुमच्याबरोबर सहा दिवस हवेत. सव्वीस वर्षांत मागितलेत का कधी? तुम्ही येताय की नाही, एवढंच सांगा."

घड्याळजी भिंगातून एका पात्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तू जा ना. एकटी गेलीस तर काय बिघडतं? मी आलो काय, नाही आलो काय."

कोणी थोबाडीत मारावी तसं तिला झालं. ती उठली, भात लावला, आणि रात्रीचं जेवण दोघांनी ताटं मांडीवर घेऊन, मान खाली घालून उरकलं.

रविवारी सकाळी तिने भांडण संपवायचं ठरवलं, म्हणजे तिच्या पद्धतीने. टेबलापाशी गेली, डोळे मिटले, टॉवेलवर हात घातला, हाताला लागला तो चाकू म्यानात खुपसला आणि नवऱ्याच्या पट्ट्याला अडकवला.

"अगं, पण हा पाचवा! याची पाठ..."

"रेघ मारून झाली. चला."

परीक्षा लाकडाच्या वखारीमागच्या अंगणात असायची. एका बाजूला फळ्यांच्या थप्प्या, दुसऱ्या बाजूला भुशाचा ढीग, मधे कमरेइतकं गवत काढून केलेली मोकळी जागा, तिथे बसायला ओंडके. मंडळाचे प्रमुख कवायतीचे निवृत्त शिक्षक होते. आवाज असा की कानात सांगितलेलं गुपित फाटकापर्यंत ऐकू जाई, म्हणून सगळे त्यांना कर्णा म्हणत, आणि ते ऐकून ते स्वतः खूश होत. आज दहाबारा सभासद जमले होते. डॉक्टरांचा मेहुणा पिशवी घेऊनच आला होता.

"चाकू जाहीर करा!" कर्ण्याने हाक दिली.

"हा," घड्याळजी म्हणाले, आणि लोकांनी चक्क टाळ्या वाजवल्या. आठ महिन्यांनी पाळणा हलला होता.

मग घड्याळजी ओंडक्यावर बसले आणि कामाला लागले. मास्तरीण कितीही चिडलेली असली तरी कामातलं तिला कळत होतं. माणूस सुरेख काम करत होता! फांदी नाकाजवळ धरलेली, पातं अंगठ्याने पुढे ढकललेलं, साल एकाच लांब पट्टीत निघतेय. खाच तर अशी नेमकी, की घड्याळाचं चाक बसवावं. पहिली खुंटी झाली, दुसरी झाली, आणि अजून निम्मा तास शिल्लक होता. मेहुण्याने पिशवी खाली ठेवली. मास्तरीण मनात म्हणाली, येतोय बाई, येतोय हा माणूस!

तिसऱ्या फांदीसाठी हात मोकळा करायला घड्याळजींनी चाकू बाजूला ओंडक्यावर ठेवला. तो घसरला आणि त्यांच्या पायाशेजारी, तुटक्या गवतात पडला.

घड्याळजींनी हात नेला. ओंडक्यावर चाकू नव्हता. मग ते ओंडका चाचपू लागले. मग दुसऱ्या बाजूला चाचपलं. मग खाली.

"अहो, तो काय तिथे," डॉक्टर हसून म्हणाले. "पायाशीच आहे की!"

"कुठे?"

"नारिंगी मूठ आहे, घड्याळजी! माझ्या आजीलाही दिसेल!"

सगळे हसले. मास्तरीणही हसणारच होती. मग तिने बघितलं की घड्याळजींचा पंजा गवत चाचपत सरळ उघड्या पात्यावर चाललाय, आणि त्यांची मान भलतीकडेच आहे.

"थांबा!" ती ओरडली आणि धावली. मनगट पकडलं तेव्हा पातं बोटांपासून दोन इंचांवर होतं. हसणं थांबलं.

तिने चाकू उचलला. काय वाटलं तिला, कोण जाणे. तिने दुसरा हात त्यांच्या कानाच्या रेषेत धरला, थोडासा पुढे, आणि तीन बोटं वर केली.

"किती?"

"काय किती?"

"बोटं."

"कुठे आहेत बोटं?" घड्याळजींनी विचारलं, आणि विचारल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं. त्यांचा चेहरा उतरला.

मास्तरणीने त्यांना दंडाला धरून उठवलं आणि फळ्यांच्या थप्पीमागे नेलं. तिथे दोघं एका फळीवर बसली. बोलायला तोंड उघडेना, असं तिच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं.

"काचबिंदू आहे," घड्याळजी म्हणाले. "समोरचं नीट दिसतं. घड्याळ डोळ्यासमोर असतं, त्यामुळे कामाला अडत नाही. कडेचं गेलंय. नळीतून बघितल्यासारखं दिसतं."

"कधी कळलं?"

"आठ महिने झाले. गेलं ते परत येत नाही. राहिलंय ते थेंबांनी टिकेल म्हणाले डॉक्टर. दातांचे नाही, डोळ्यांचे."

"थेंब कुठे आहेत? घरात कधी बाटली दिसली नाही मला."

"दुकानात. घड्याळाच्या तेलाच्या बाटल्यांत ठेवलीय. कोणाला ओळखू येत नाही."

"धन्य आहे!" तिला आवाज फुटला. "उद्या घड्याळात औषध जाईल आणि डोळ्यात तेल! आठ महिने? आठ महिने तुम्ही मला त्या मेल्या दाढीवाल्याचे ओंडके दाखवलेत? मी स्टुलावरून काय काय बोलले तुम्हाला! डोळे दिलेत ना म्हणाले! तुम्ही बोलू कसं दिलंत मला?" ती रडत होती आणि रडताना तिला नवऱ्याचा इतका राग येत होता, की हातातला चाकू तिने आधी दूर ठेवला.

"तुला सांगितलं असतं तर तू आली नसतीस इथे पुन्हा," घड्याळजी म्हणाले. "माझ्यापाशी घरात बसली असतीस. मंडळात किती खूश असतेस तू, मी बघतो ना. म्हटलं, चाकूचं लांबवत ठेवावं. तू चिडशील. चिडून का होईना, एकटी जाशील."

"आणि काल म्हणालात ते? मी आलो काय, नाही आलो काय?"

"ते म्हणायला मला फार जड गेलं गं," घड्याळजी म्हणाले.

थप्पीपलीकडे कर्णा कुणाला तरी सांगत होता की अजून वीस मिनिटं आहेत, नवराबायकोच्या मधे कोणी जायचं नाही. अर्थात ते नवराबायकोलाही स्पष्ट ऐकू आलं.

मास्तरणीने पदराने तोंड पुसलं. "चालायला काय म्हणाले डॉक्टर?"

"गाडी नको म्हणाले. उजेडात, पायवाटेने, कोणी सोबत असेल तर चाला म्हणाले."

"कोणी म्हणजे कोण? वखारवाला?" ती उठली. पिशवीतून तिने तंबूची बारीक दोरी काढली, एक टोक त्यांच्या पट्ट्याला धरलं, दुसरं पुढे केलेल्या हातापर्यंत नेलं, वीतभर जास्त सोडलं आणि एका झटक्यात कापली. एक टोक पट्ट्याला बांधलं, दुसरं चाकूच्या मुठीच्या भोकातून ओवून गाठ मारली. "आता पडू दे किती पडायचा तो. आणि तिकडे जाऊन आधी सगळ्यांना सांगायचं. मी नाही सांगणार. तुम्ही."

"सगळ्यांना?"

"मग काय एकेकाला पत्र पाठवताय?"

घड्याळजी गेले आणि मधोमध उभे राहिले. दुकानात गिऱ्हाइकाला घड्याळ दुरुस्त होणार नाही असं सांगताना ते जसे हात मागे बांधत, तसे त्यांनी बांधले. "मला बाजूचं दिसत नाही," ते म्हणाले. "आठ महिने लपवलं. चूक झाली."

दातांचे डॉक्टर म्हणाले, "म्हणजे बाजारात मी शेजारून दोनदा नमस्कार केला आणि तुम्ही बघितलंही नाहीत, ते..."

"दिसला नाहीत."

"आणि मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की घड्याळजींना गर्व झालाय! चार महिने तुमच्यावर रुसून बसलोय मी, आणि तुम्हाला पत्ताच नाही!" डॉक्टरांना स्वतःचीच लाज वाटली आणि त्यांनी मेहुण्याच्या पिशवीला उगाच एक लाथ घातली.

कर्ण्याने घसा साफ केला. "घड्याळजी, मंडळ अंधारात चालत नाही. मंडळ धावत नाही. मंडळाला दर तासाला चहा लागतो. तुम्हाला यातलं काही जमणार नसेल तर सांगा. जमणार असेल तर दोन खुंट्या बाकी आहेत आणि चौदा मिनिटं."

अकरा मिनिटांत झाल्या. चाकू मधे एकदा हातातून सुटला, दोरीला लोंबकळला आणि घड्याळजींनी तो न बघता वर ओढला. चौथ्या खुंटीची खाच जरा तिरकी आली. कर्ण्याने ती डोळ्याजवळ नेली, लांब नेली आणि तंबूला डोळे नसतात असं म्हणून पास केली. म्हटल्यावर त्याची जीभ चावली गेली. घड्याळजीच आधी हसले, म्हणून मग बाकीचे हसू शकले. मेहुण्याने येऊन हात मिळवला. चेहऱ्यावरून मात्र त्याला सुतकच लागलं होतं.

सगळं आवरून दोघं फाटकाकडे निघाली. वाट अरुंद, दोन्हीकडे फळ्या पुढे आलेल्या. मास्तरीण थांबली.

"कुठली बाजू जास्त गेलीय? त्या बाजूने मी चालते."

"दोन्ही सारख्याच."

"आणि समोरचं?"

"समोरचं लख्ख."

"मग मी समोर चालते. माझ्या पाठीवर नजर ठेवायची."

"म्हणजे नेहमीसारखंच," घड्याळजी म्हणाले. "सव्वीस वर्षांत तू मागे कधी चाललीस?"

तिला हसू आलं. ती पुढे झाली, आणि दोन पावलांवर त्यांचा आवाज मागून आला, जरा हलका. "आणि थेंबांनी नाहीच टिकलं तर? एक दिवस तूही दिसेनाशी झालीस तर?"

मास्तरणीने मागे वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर तिथेच बसली असती.

"तर माझी बडबड आहेच की," ती म्हणाली. "तिला थोडाच काचबिंदू होतोय?"

आणि तिने सुरुवात केली. "उजवीकडे फळी आलीय, खांदा आत घ्या. इथे उंबरा आहे, पाय उचला, आणखी, हां. पुढे दगड आहे. दगडापुढे खड्डा आहे. खड्ड्यापुढे डावीकडे डॉक्टर उभे आहेत, त्यांना नमस्कार करा."